पुडके सरहद्द ओलांडते तेव्हा

परदेशी राहणाऱ्या मुलाला किंवा लेकीला दिवाळीचा फराळ, एखादी साडी आणि दोन-चार पुस्तके पाठविणारा गृहस्थ टपालकचेरीत भरपूर हशील भरून, पावती खिशात घालून निश्चिंत मनाने घरी येतो. आणि दोन-तीन आठवड्यांनी तिकडून फोन येतो की पुडके पोहोचले खरे, पण ते सोडवून घ्यायला पुन्हा पैसे मोजावे लागले, किंवा त्याहून वाईट म्हणजे डब्यातील निम्मे जिन्नस वाटेतच काढून घेतले गेले. अशा वेळी तो जो प्रश्न विचारतो तो अगदी रास्त असतो : आम्ही इथे पुरते पैसे भरले होते, मग तिकडे पुन्हा पैसे कशाचे? आणि आमच्या घरच्या लाडवांशी त्या सरकारला काय करायचे आहे?

१. एक पुडके, दोन अंमल

साताऱ्याहून नागपूरला धाडलेले पुडके आरंभापासून अखेरपर्यंत एकाच खात्याच्या ताब्यात असते. परदेशी जाणाऱ्या पुडक्याची गोष्ट निराळी. त्याच्यावर दोन निरनिराळ्या सत्तांचा अंमल चालतो, आणि या दोन सत्तांची जगाकडे पाहण्याची दृष्टीच परस्परविरुद्ध आहे. टपालाच्या लेखी सारे जग हा एकच मुलूख आहे आणि त्यात पत्राला कोठेही मज्जाव नसावा. जकातीच्या लेखी मात्र प्रत्येक देशाची सरहद्द ही थांबण्याची, उघडून पाहण्याची आणि वसुलीची जागा आहे. आपण कचेरीत भरतो ते हशील केवळ वाहतुकीचे मोल होय. तिकडे घेतले जाते ते सीमाशुल्क, आणि त्याच्या जोडीला तिथल्या बाजारातील मालावर बसतो तोच कर. हे दोन्ही माल त्या देशात शिरल्याबद्दल द्यावे लागतात, तो कोणी व कसा आणला याच्याशी त्यांचा संबंध नाही. शिवाय पुडके जकातीच्या अंमलदारापुढे रुजू करण्याचे श्रम तिथल्या टपालखात्याला पडतात, आणि त्याबद्दलची एक स्वतंत्र फी ते खाते घेऊ शकते. पुष्कळदा कर किरकोळ आणि ही फीच जड, असाही अनुभव येतो.

टपालखाते या बाबतीत नुसते हरकाऱ्याचे काम करते. चिठ्ठीवर काय लिहिले आहे याची आणि जकात-अंमलदाराने काय निर्णय दिला याची जबाबदारी टपालखात्यावर नाही, असे आंतरराष्ट्रीय टपाल-करारातच स्पष्ट नमूद आहे. म्हणून लाडू जप्त झाल्याची तक्रार घेऊन गावातल्या टपालबाबूंशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

२. बर्नचा करार आणि शेजारणीची वाटी

सारे जग एक मुलूख मानण्याची ही कल्पना आपोआप रुजलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी पत्राचे हशील ठरविणे हा हिशेबनिसाचीही कसोटी पाहणारा प्रकार होता, कारण पत्र ज्या ज्या देशातून जाई त्या प्रत्येकाचा आणि ज्या जहाजातून जाई त्याचाही वाटा त्यात मिळवावा लागे, आणि वाट बदलली की दर बदले. १८६३ साली अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांच्या पुढाकाराने पॅरिसला यासंबंधी एक परिषद भरली. परंतु खरा करार झाला तो जर्मनीचे टपालप्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांच्या खटपटीने, स्वित्झर्लंडमधील बर्न येथे, ९ ऑक्टोबर १८७४ रोजी. बावीस राष्ट्रांनी त्यावर सह्या केल्या. हिंदुस्थान त्यात १ जुलै १८७६ रोजी सामील झाला, आणि १८७८ साली या संघाला आजचे ‘जागतिक टपाल संघ’ हे नाव मिळाले. त्याचे मुख्य ठाणे आजही बर्नलाच असून ९ ऑक्टोबर हा जागतिक टपालदिन म्हणून पाळला जातो.

या करारातील सर्वांत धाडसी कलम पैशाचे होते. ज्या देशाने हशील वसूल केले त्यानेच ते ठेवावे, आणि दुसऱ्या देशाने त्याचे पत्र आपल्या हद्दीत फुकट वाटावे! वरवर पाहता हा घाट्याचा व्यवहार दिसतो. पण शेजारणीने भाजी घालून पाठविलेली वाटी आपण रिकामी परत करीत नाही, हा जो आपल्या घरांतला रिवाज, त्याच भरवशावर ही योजना उभी होती : एका पत्राला एक उत्तर येणार, तेव्हा शेवटी देणेघेणे फिटणार. पुढे छापील मजकूर आणि माल यांचा ओघ वाढला, काही देशांकडून वाट्या भरभरून येऊ लागल्या आणि परत जाताना तळाशी चमचाभरच काही दिसू लागले. मग १९६९ च्या टोकियो परिषदेत अखेरच्या वाटपाचा मोबदला पाठविणाऱ्या देशाने द्यावा असे ठरले. हा मोबदला किती असावा यावरून अमेरिकेने २०१८ साली संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली होती. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या खास अधिवेशनात तडजोड निघाली तेव्हा ते अरिष्ट टळले.

पुडक्यांसाठी वेगळा करार १८८० साली पॅरिसला झाला, आणि जकातीचा प्रश्न टपालाच्या दारात खऱ्या अर्थाने तेव्हापासून येऊन बसला. पत्रात मजकूर असतो. पुडक्यात माल असतो, आणि माल म्हटला की कर आलाच.

३. चिठ्ठीवर काय लिहावे

जगभर रोज येणाऱ्या असंख्य पुडक्यांतील प्रत्येक पुडके उघडून पाहणे कोणत्याही जकातखात्याला शक्य नाही. तेव्हा आत काय आहे हे पाठविणाऱ्यानेच लिहून सही करावी आणि अंमलदाराने सामान्यतः त्यावर विश्वास ठेवून, संशय येईल तेथेच पेटी उघडावी, अशी पद्धत पडली. ही लेखी कबुली दोन नमुन्यांत असते. लहान पाकिटांना चिकटविण्याची छोटी चिठ्ठी ती ‘सीएन २२’. तिचा रंग परंपरेने हिरवा. मोठ्या पुडक्यांसाठीचा सविस्तर तक्ता तो ‘सीएन २३’. मालाची किंमत तीनशे ‘विशेष आहरण हक्कां’पेक्षा अधिक असेल तर लहान पाकिटालाही मोठा तक्ता जोडावा लागतो. हे आहरण हक्क म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने निरनिराळ्या राष्ट्रांची नाणी एका मापाने मोजता यावीत म्हणून ठरविलेले हिशेबी एकक. त्याची नोट वा नाणे नसते.

चिठ्ठीत प्रत्येक जिनसाचे वर्णन, नग, निव्वळ वजन आणि चलनासह किंमत लिहावयाची असते, आणि माल भेट आहे, विक्रीचा आहे, नमुना आहे की केवळ कागदपत्रे आहेत, त्या चौकटीत खूण करावयाची असते. आपल्याकडची बहुसंख्य पुडकी अडतात ती इथेच. ‘घरगुती सामान’, ‘कपडे’, ‘खाऊ’, ‘भेटवस्तू’ ही वर्णने लिहिणाऱ्याला पुरेशी वाटतात. वाचणारा मात्र हजारो मैलांवर बसलेला, खाऊ म्हणजे काय हे मुळीच ठाऊक नसलेला कारकून असतो. त्याला इंग्रजीत समजेल असे, ‘सुती साडी, १ नग, ६०० ग्रॅम’, ‘तांदळाच्या पिठाची तळलेली चकली, १ किलो’, ‘छापील मराठी कादंबऱ्या, २’, इतके सांगितले म्हणजे पेटी उघडण्याचे त्याचे निम्मे कारण संपते.

वर्णनाच्या जोडीला हल्ली एक आकडाही मागतात. ब्रसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने जगातील यच्चयावत मालाची वर्गवारी करून प्रत्येक प्रकाराला सहा अंकी क्रमांक दिला आहे आणि १९८८ पासून ही पद्धत चालू आहे. तिच्यात छापील पुस्तके ४९०१ या शीर्षकाखाली येतात, चहा ०९०२ खाली. व्यापारी मालाला हा क्रमांक लागतोच, आणि घरगुती पुडक्यालाही तो लिहिला तर भाषेची अडचण उरत नाही.

एक मोठा फरक अलीकडच्या काळातला आहे. पूर्वी चिठ्ठी पुडक्याबरोबर प्रवास करी. आता ती त्याच्या आधी पोहोचते. २०२१ सालापासून मालाच्या टपालाचा सर्व तपशील संगणकाद्वारे अगोदर कळविणे संघाच्या नियमांनी आवश्यक झाले, आणि युरोपीय संघाने त्याच वर्षीच्या १५ मार्चपासून आपल्याकडे येणाऱ्या टपालाला ही अट लावली. त्यांच्या यंत्रणेला काही खटकले तर ती अधिक माहिती मागू शकते, पुन्हा तपासणी करा म्हणू शकते, किंवा हे पुडके विमानात चढवूच नका असाही हुकूम देऊ शकते. कचेरीतला कारकून तुमचा कागद समोर ठेवून टंकन करीत बसतो आणि मागची रांग चुळबुळते, त्याचे कारण हे आहे.

४. भेट कोणती आणि कितीची

बहुतेक देश खाजगी भेटीला काही मर्यादेपर्यंत करमाफी देतात. युरोपीय संघात ही मर्यादा ४५ युरो, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, अमेरिकेत १०० डॉलर. पण भेट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, मोबदला न घेता, प्रसंगोपात्त पाठविलेली वस्तू. दुकानदाराने तुमच्या सांगण्यावरून परस्पर रवाना केलेला माल, त्यावर ‘भेट’ असे कितीही ठळक लिहिले तरी, भेट ठरत नाही.

मर्यादेचा हिशेब कसा चालतो हे एका उदाहरणाने पाहू. पुण्याहून म्यूनिकला एक पेटी निघाली : चकली ६०० रुपयांची, चिवडा ५०० चा, पुस्तके ८०० ची आणि एक साडी ६,००० ची, एकूण ७,९०० रुपये. सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरले तर पेटी ७९ युरोंची झाली. सामान्य माणसाला वाटेल की ७९ तून माफीचे ४५ वजा जाता उरलेल्या ३४ युरोंवर कर बसेल. तसे होत नाही. युरोपीय नियम असा की एका वस्तूची किंमत तोडता येत नाही : जी वस्तू एकटी आली असती तरी मर्यादेत बसली असती तिलाच माफी. साडी एकटीच ६० युरोंची, म्हणून पूर्ण साठांवर आकारणी; चकली, चिवडा व पुस्तके मिळून १९ युरोंची, ती माफ. साडीच्या ऐवजी प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन ओढण्या असत्या तर एकीला, फराळ व पुस्तकांसह, माफीत जागा मिळाली असती.

मग साडीची किंमत दोन हजारच लिहावी, हा सल्ला देणारा शहाणा प्रत्येक टपालकचेरीच्या पायरीवर भेटतो. त्याचे ऐकू नये. पेटीत दुकानाची पावती राहून गेलेली असते, किमतीचा कागद पदराला टाचलेला असतो, आणि अंमलदाराला बाजारभाव पाहायला आता क्षणभर पुरतो. शिवाय पुडके गहाळ झाले आणि भरपाई मागायची वेळ आली म्हणजे हीच चिठ्ठी तुमच्यापुढे धरली जाते.

या मर्यादा कायमच्या नसतात. अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली सर्वसाधारण सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित झाली, तेव्हा कर कोणी व कसा गोळा करावा हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपालखात्याला तिकडचे टपाल घेणे थांबवावे लागले. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ते पुन्हा सुरू झाले ते, मालावरचा कर इथेच, पाठवितानाच भरण्याच्या व्यवस्थेसह. आपल्या देशाचा नियम तर याहून कडक आहे. परदेशातून टपालाने येणारी वस्तू ‘भेट’ म्हणून करमुक्त सोडवून घेण्यास आपल्याकडे २०१९ पासून मनाई असून अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतची ओवाळणीची वस्तू त्या अपवादात बसत नाही, असा खुलासाही नियमाने आवर्जून केला आहे! पूर्ण शुल्क भरून मात्र भेट आणता येते.

५. फराळाचा डबा

खाद्यपदार्थांचा प्रश्न कराचा नसून रोगराईचा आहे. एखाद्या बीजातून किंवा दुधाच्या पदार्थातून आलेला रोग त्या देशाची शेती व गुरे उद्ध्वस्त करू शकतो, ही भीती अंमलदाराच्या मनात असते. आपल्या चकलीशी त्याचे वैर नसते. म्हणूनच एका देशात निर्धास्त जाणारा जिन्नस दुसऱ्या देशात अडतो.

अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या अन्नाची आगाऊ सूचना तिथल्या अन्न व औषध खात्याला द्यावी, असा २००२ च्या कायद्यातून निघालेला नियम आहे. पण स्वतःच्या घरी स्वतः केलेला पदार्थ करणाऱ्यानेच व्यक्तिगत भेट म्हणून पाठविला तर ही सूचना लागत नाही. म्हणजे आईने तळलेला चिवडा सूचनेवाचून जातो, आणि प्रख्यात दुकानातल्या बाकरवडीला मात्र सूचना द्यावी लागते. कायद्याने गृहिणीच्या हातावर दुकानदाराच्या छापापेक्षा अधिक विश्वास ठेवल्याचे असे उदाहरण विरळा.

युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून खाजगी पुडक्यात मांस आणि दुधाचे पदार्थ येऊ देत नाहीत. पेढे, खवा, पनीर हे उघडच बाद. तुपात वळलेला बेसनाचा लाडू मिठाई मानावी की दुधाचा पदार्थ, हा निर्णय पेटी उघडणारा अंमलदार करतो. म्हणून चकली, शेव, चिवडा, शंकरपाळी तेलातली करून पाठवावी आणि लाडवांचा मोह आवरावा हे बरे. ऑस्ट्रेलियाची दक्षता याहूनही कडक. तिथे येणाऱ्या टपालाची क्ष-किरणांनी आणि वास घेणाऱ्या कुत्र्यांकडून तपासणी होते. नातवाने बागेत लावावे म्हणून पाठविलेले तुळशीचे बी, ताजा कढीलिंब, पेंढ्यात गुंडाळलेली मूर्ती, यांपैकी काहीही तेथे पेटी अडकवू शकते.

आणि एक धोका तर कोणाच्या स्वप्नातही येत नाही. अनारशाच्या एका अंगाला लावलेली आणि करंजीच्या सारणात भाजून घातलेली खसखस आपल्याकडे किराणा दुकानात मिळते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या देशांत मात्र ती अफूच्या झाडाचे बी म्हणून निषिद्ध आहे, आणि तिचा विचार तेथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली होतो. दुबईला फराळ धाडताना अनारसे वगळावेत आणि करंजीचे सारण नुसत्या खोबऱ्याचे करावे. औषधांनाही हेच लागू. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन अमिरातीत नियंत्रित द्रव्य आहे. तेव्हा वैद्याची चिठ्ठी जोडली म्हणजे काम झाले असे समजू नये, त्या देशाची परवानगी आधी पाहावी.

६. मधमाश्या चालतात, अत्तर नाही

स्फोटके, ज्वालाग्राही व किरणोत्सारी द्रव्ये, अमली पदार्थ हे जगभर वर्ज्य आहेत हे सांगायला नकोच. पण विमानाच्या दृष्टीने ज्वालाग्राही काय याची यादी आपल्या समजुतीहून लांब आहे. अत्तर, नखरंग, फवाऱ्याचा डबा, काडेपेटी, सुटी लिथियम बॅटरी ही सारी तीत येतात. यंत्रात बसविलेली लहान बॅटरीदेखील ठराविक मर्यादेतच चालते.

जिवंत प्राणी टपालाने पाठवू नयेत असाही जागतिक नियम आहे, आणि त्याचे अपवाद मोठे मौजेचे आहेत : मधमाश्या, जळवा, रेशमाचे किडे, उपद्रवी कीटकांचा फडशा पाडणारे कीटक, आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या ड्रोसोफिला कुळातील माश्या. यांपैकी शेवटचे दोन फक्त मान्यताप्राप्त संस्थांनी आपसात पाठवावयाचे. जळवा या यादीत कशा आल्या असाव्यात, हे जुन्या वैद्यकाची आठवण असलेल्या वाचकाला सांगावे लागणार नाही.

आपल्याकडून बाहेर जाण्यावरही निर्बंध आहेत. मोरपीस आपल्या अंगणात आपोआप गळून पडलेले असले तरी परदेशी पाठविता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, भांडे अगर चित्र, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, आणि त्यांची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही. आजोबांची पोथी अमेरिकेतल्या नातवाकडे जावी ही भावना कितीही थोर असली तरी ती टपालाने जाणार नाही. जुनाट दिसणारी पण नवी समई पाठवायची असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेणे श्रेयस्कर.

७. तेरा खुणांचा क्रमांक

नोंदणीच्या पुडक्यावर आरंभी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असा क्रमांक असतो. पहिले अक्षर सेवेचा प्रकार सांगते. नऊ अंकांतील शेवटचा पडताळ्याचा असतो. समजा पहिले आठ अंक ४७३१२४८२ आहेत. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणावे : ३२, ४२, १२, २, ६, २०, ७२, १४. बेरीज २००. तिला अकराने भागले की बाकी २, आणि अकरातून दोन गेले की ९. हाच नववा अंक. (उत्तर १० आले तर शून्य व ११ आले तर ५ मांडतात.) कोणी घाईत पहिले दोन अंक उलटे, ७४ असे लिहिले, तर बेरीज २०६ होऊन पडताळा ३ येतो आणि चूक उघडी पडते. परदेशातल्या नातलगाला क्रमांक फोनवर सांगितला आणि तो ‘सापडत नाही’ असे त्याने कळविले, तर एवढा हिशेब करून पाहावा.

८. पत्ता आणि परतीचा प्रश्न

पत्ता रोमन लिपीत लिहून देशाचे नाव मोठ्या अक्षरांत शेवटच्या ओळीत ठेवावे, आणि घेणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक अवश्य घालावा. कर भरण्याबद्दलचा निरोप तिकडे बहुधा त्यावरच जातो, आणि तो न मिळाल्याने मुदत उलटून परत फिरलेली पुडकी पुष्कळ.

‘सीएन २३’ तक्त्याच्या सोबत पाठविणाऱ्याला एक सूचना द्यावी लागते, आणि घाईत तिच्याकडे कोणी पाहत नाही : पुडके पोहोचविता आले नाही तर काय करावे, परत पाठवावे की सोडून द्यावे? परत पाठविण्याचा खर्च पाठविणाऱ्याच्या माथी बसू शकतो. महिना-दीड महिन्याने खवट होऊन येणाऱ्या चिवड्यासाठी तो सोसण्यात शहाणपण नाही, तेव्हा निव्वळ फराळाच्या पेटीवर ‘सोडून द्यावे’ ही खूण करावी. साडी, पुस्तके, कागदपत्रे असतील तर परतीची. परत आलेले पुडके आपल्याच देशाच्या जकातीपुढे पुन्हा उभे राहते, आणि ती वस्तू इथूनच गेली होती हे तेव्हा दाखवावे लागते; म्हणून पावती आणि तक्त्याची एक प्रत, पुडके मिळाल्याचे तिकडून कळेपर्यंत, फाडून टाकू नये.